जायचे होते राहिले

३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मालकाने इमारत विकली आणि वर्षअखेर दुकान रिकामं करायला सांगितलं, हे तू दोन ओळींत उरकलंस आणि पुढची दोन पानं बूटवाल्याच्या मांजरीवर खर्च केलीस. तुझं हे नेहमीचंच. म्हणून मी मुद्द्याचं आधी लिहितो. तू आता माझ्याकडे यायचं. कायमचं. मुलाची खोली रिकामी आहे, तो काही आता परदेशातून परत येत नाही. ही गेल्यापासून घर मला मोठं होतं. बाबांच्या त्या चष्म्याच्या दुकानात तू जन्म काढलास, आता पुरे झालं.

दुसरं कामाचं. छापखान्यातलं माझं शेवटचं काम टेबलावर आलंय. सातवीचं भाषेचं पुस्तक नव्याने निघतंय, त्याची प्रूफं तपासली की मी निवृत्त. आणि गंमत म्हणजे पुस्तकात आपली ‘नाव’ आहे. तू सातवीत होतीस तेव्हा ती घोकत घरभर फिरायचीस, मला तिसरीतच पाठ झाली होती.

धक्क्यावरती नाव लागली,
गाठोडे मी बांधुन आले;
दोर सुटला, पाणी हलले,
जायचे होते राहिले.

ज्याला त्याला पाठ असलेली कविता, आणि तिच्या शेवटच्या ओळीवरून समितीत जुंपलीय. जुन्या पुस्तकात त्या ओळीत स्वल्पविराम नाही. समितीतल्या एक बाई म्हणतात, तो हवाच. ‘जायचे होते, राहिले’, म्हणजे मला जायचं होतं पण मी राहिले, मी ठरवलं. एक गृहस्थ म्हणतात, छे, जायचं होतं ते राहून गेलं, इतकंच, ठरवलं कोणी? बोलताना हा घोळ होत नाही. ‘मी राहिले’ वेगळं, ‘जायचं राहिलं’ वेगळं, कानाला कळतं. पण छापायला गेलं की दोन्हीचं ‘राहिले’ होतं. कवी केव्हाच वारले, विचारणार कोणाला? शेवटी सगळ्यांनी मिळून ते माझ्या गळ्यात घातलं. एवढी वर्षं प्रूफं तपासताय, तुम्हीच ठरवा म्हणाले.

मी बाईंच्या बाजूचा. का, ते तुला सांगायला नको. तरी एकदा तुझं मत कळव, आणि सामान आवरायला कधी येऊ तेही.

तुझा,
टिंबू


१४ ऑक्टोबर

चि. टिंबूस अनेक आशीर्वाद.

मांजरीचं तुला कौतुक नाही, कळलं. आता तिच्याबद्दल काही लिहिणार नाही. तिला पिल्लं झालीयत, एवढंच.

‘नाव’ची मला काय आठवण करून देतोस? अरे, चाळिशीच्या गिऱ्हाइकाला जवळचं वाचायला जे कार्ड देतो ना आपण, त्यावर मी हीच कविता चिकटवलीय. बाबांच्या वेळी त्यावर तापाच्या गोळ्यांची जाहिरात होती, ती वाचता वाचता लोकांना कणकण वाटायची. आता वरची ओळ मोठ्या अक्षरात, मग एकेक बारीक होत जाते, आणि शेवटची सगळ्यात बारीक. म्हणजे या गावात ज्याला ज्याला चाळिशी लागली, त्याने त्याने नाकावर ट्रायल फ्रेम ठेवून माझ्यासमोर ‘जायचे होते राहिले’ वाचलंय. ते नीट वाचता आलं की नंबर बरोबर.

तुझं पत्र आल्यापासून मी कान देऊन ऐकतेय. सुईणबाई ‘जायचे होते’ला थांबल्या, सुस्कारा सोडला, मग म्हणाल्या, ‘राहिले’. म्हटलं, का हो थांबलात? तर म्हणे, “पोर आजारी असणार तिचं. दुसरं काय अडवतं बाईला?” पाववाल्याने एका दमात वाचून टाकलं. “उशीर झाला, नाव सुटली. माझं रोज होतं.” शाळेतल्या नव्या शिक्षिकेला वाटतं, तिचं जायचं मनच नव्हतं. बूटवाल्याने फ्रेम काढली, शर्टाला पुसली आणि म्हणाला, “गाठोडं बांधत बसली असेल. बायकांचं असंच.” त्याला मुद्दाम चुकीचा नंबर द्यावा असं मनात आलं होतं.

तर ज्याची त्याची नाव. मी स्वतः म्हणशील तर मी ती ओळ एका दमात वाचते.

तुझ्याकडे यायचं म्हणतोस. प्रेमाने म्हणतोस, मला कळतं. पण बूटवाल्याने भाजीबाजाराच्या तोंडाशी नवी जागा घेतलीय आणि अर्धी बाजू तुम्ही घ्या म्हणून मागे लागलाय. अर्धी बाजू म्हणजे एक काउंटर, एक खुर्ची आणि कातड्याचा वास. राहायला आपलं घर आहेच. बघते. तू घोडं पुढे दामटू नकोस.

तुझी,
ताई


२७ ऑक्टोबर

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार.

एका दमात वाचतेस हा तुझा मोठेपणा. स्वतःचं कधी म्हणून तू मोजलं नाहीस. म्हणून ते काम माझं.

मला तो दिवस जसाच्या तसा दिसतो. राजधानीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात तुला जागा मिळाली होती, सकाळच्या बसने तू जाणार होतीस. मला शाळेत परीक्षा होती म्हणून तुझा निरोप मी घरीच घेतला आणि रडू दिसू नये म्हणून बुटाची नाडी बांधत बसलो. दुपारी घरी येतोय तर दुकानातून काच घासायच्या चाकाचा आवाज येत होता. ओल्या वाळूवर कोणी पाय घासावा तसा तो आवाज. मला वाटलं बाबा असतील. पण बाबांचे हात तर तेव्हा थरथरायला लागले होते, ते चाकावर बसतच नव्हते. आत डोकावलो तर तू. प्रवासाचे चांगले कपडे अंगावर, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटं लाल भुकटीने माखलेली. पेटी कोपऱ्यात, तिची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. आई डोळे पुसत म्हणाली, “ताई राहिली रे आपल्यासाठी.”

मी ते कधी विसरलो नाही. तू राहिलीस म्हणून बाबांचं दुकान टिकलं आणि मला शहरात शिकायला जाता आलं. हे मी मुलाला लहानपणापासून सांगत आलो. त्याच्या लग्नात सगळ्यांसमोर सांगितलं, तू संकोचून पाणी प्यायला उठून गेलीस. ऑफिसातल्या पोरांनाही सांगतो. माझी ताई कोण, हे विचार इथे कोणालाही.

तर मी स्वल्पविराम दिलाय. खाली प्रश्नही घातलाय, ‘कवितेतील स्त्रीने न जाण्याचा निर्णय का घेतला असेल?’ आणि शिक्षकांच्या पुस्तिकेत उत्तर: आपल्या माणसांसाठी.

खोलीला रंग काढतोय. फिकट पिवळा चालेल ना? तुझं सगळं आता मला करू दे. आजवर तू केलंस.

तुझा,
टिंबू


६ नोव्हेंबर

चि. टिंबूस आशीर्वाद.

रंग काढू नकोस. आणि तो प्रश्न पुस्तकातून काढ.

तुझं पत्र वाचून आधी मला हसू आलं, मग जीव गुदमरला. असं वाटलं की माझा कोणीतरी पुतळा केलाय, आणि त्याच्या जागी उभं राहायला मला बोलावणं आलंय. अरे, तुझ्या घरी मी कोण म्हणून राहू? सकाळी चहा गाळताना माझ्या हातून दूध उतू गेलं तर तू म्हणशील, असू दे, हिने आपल्यासाठी केवढं केलं. मला नाही झेपायचं ते.

ऐक. मी राहिले नव्हते. जायचं राहिलं होतं.

त्या सकाळी बसला अवकाश होता. मास्तरीणबाईंचा चष्मा दुरुस्त होऊन पडला होता, म्हटलं जाता जाता देऊन जाऊ. पेटी चौकात पाववाल्याच्या बापाकडे ठेवली. मास्तरीणबाई महिनाभर चष्म्यावाचून बसल्या होत्या. नाकावर चढवला आणि म्हणाल्या, थांब, बरोबर आहे का बघते. पेपर उघडला. मोठ्याने वाचायला लागल्या. मथळा, बातमी, दुसरी बातमी, निधनवार्ता, हवामान. एवढ्या खूश होत्या की मला उठवेना. आणि खरं सांगू? मलाही ऐकायला बरं वाटत होतं. आपण घासलेल्या काचेतून कोणी वाचतंय, हे मी तोवर असं बसून ऐकलंच नव्हतं. हॉर्न ऐकू आला तेव्हा धावले. बस वळणावर होती.

मला रडूबिडू आलं नाही. भूक लागली. म्हटलं, पुढच्या आठवड्याची बस आहेच. पेटी घेऊन घरी आले तर आई दारात. तिने मला बघितलं, पेटी बघितली आणि गळ्यात पडली. “राहिलीस गं पोरी.” मी म्हणणार होते, अगं राहिले कुठे, बस चुकली. पण तिचा चेहरा असा फुलला होता की तोंडून शब्द निघेना. संध्याकाळपर्यंत तिने गल्लीभर सांगितलं. पुढच्या आठवड्यात बाबांकडे मोठं काम आलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात दवाखान्याने दुसरी मुलगी घेतली. वाळत घातलेले कपडे काढायचे राहतात ना, तसं माझं जायचं राहिलं.

तू विचारलं नाहीस, म्हणून मी कधी सांगितलं नाही. आता मुलांच्या पुस्तकात छापायला निघालास म्हणून सांगते. तुझ्या डोक्यावर माझं काही ओझं नाही, बाळा. उतरव आणि मोकळा हो.

तुझी,
ताई


२८ नोव्हेंबर

टिंबू,

पत्र का नाही? तब्येत बरी ना? रागावला असशील तर राग तरी लिही. पोस्टमन मला बघून आता रस्ता बदलतो.

ताई


९ डिसेंबर

तीर्थरूप ताईस,

सा. न. वि. वि.

तब्येत ठीक. पत्राला उशीर झाला, क्षमस्व.

तू लिहितेस, ओझं उतरव आणि मोकळा हो. इतकं सोपं असतं तर मीही तुझ्यासारखं हसलो असतो.

बाबा गेले तेव्हा मी तिकडे महिनाभर होतो, आठवत असेल. मागच्या गल्लीतल्या छापखान्याच्या मालकांनी मला बोलावून विचारलं होतं, इकडेच ये, माझा छापखाना बघ, मला मूलबाळ नाही. मला यायचं होतं, ताई. हिचीसुद्धा तयारी होती. तिला तर शहरात श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. मुलाला तुझ्या दुकानात काचांशी खेळताना बघून ती म्हणालीही होती की हा इथेच वाढू दे. दोन दिवस मी नुसता फिरलो. शाळा, चौक, नदीकडचा रस्ता. आणि मग मालकांना नाही म्हणालो. का? तर ताई राहिली ती मी जावं म्हणून. मीच परत आलो तर तिचं राहणं मातीमोल. मला तेवढा हक्क नाही, असं मी हिला सांगितलं. तिने मुलाचे कपडे बॅगेत भरायला घेतले. पुढे तो विषय तिने कधी काढला नाही.

म्हणजे तू एक बस चुकवलीस आणि तिच्यापायी मी इथे म्हातारा झालो. या शहरात मला शेजाऱ्याचं नाव नीट माहीत नाही. मला वाटायचं, निदान कशासाठी तरी आहे हे.

प्रूफ अजून सोडलेलं नाही. स्वल्पविरामावर बोट ठेवून बसलोय. समितीतल्या बाई रोज फोन करतात.

खोलीला रंग दिला नाही.

आपला,
धाकटा भाऊ


१५ डिसेंबर

चि. टिंबूस,

मला तीर्थरूप केलंस आणि स्वतः ‘आपला’ झालास, म्हणजे चांगलाच भडकलायस. भडक. पण आता माझंही ऐकून घे, कारण तुझं पत्र वाचून मी दुकानात रडले. समोर गिऱ्हाईक होतं. ट्रायल फ्रेम घालून बिचारा तसाच बसून राहिला. त्याला धूसर दिसत होतं म्हणून बरं.

छापखान्याच्या मालकांनी तुला विचारलं होतं, हे मला माहीत होतं. त्यांनी आधी मलाच विचारलं होतं, बोलू का त्याच्याशी म्हणून. मी मागची खोली झाडली, खिडकीची बिजागरी तेल घालून सैल केली, वहिनीला स्वयंपाकघरात उजेड हवा म्हणून फडताळ हलवलं. आणि तू नाही म्हणालास. मला वाटलं, शहर लागलं याला. आता गाव कशाला आवडेल? बायकोमुलांत सुखी आहे तर आपण कशाला ओढा? मनातून इतका राग आला होता की बसवर पोचवायलासुद्धा मी आले नाही, आठवतं? डोकं दुखतंय म्हणाले होते. डोकं काही दुखत नव्हतं.

तू माझ्यासाठी आला नाहीस आणि मी तुझ्यासाठी बोलवलं नाही. दोघेही शहाणे. वहिनी मात्र फुकट भरडली गेली, याचं मला फार वाईट वाटतं. तिला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

आईवर रागवावं म्हटलं, पण तिचं तरी काय चुकलं? पोरगी दारात दिसली, तिला आनंद झाला, तिच्या तोंडून एक शब्द निघाला. त्या एका शब्दावर आपण दोघांनी घरं बांधली.

आता त्या शब्दाचं. काल नव्या जागेचं माप घेत होते. बाजारात नवखा एक माणूस भाजी घ्यायला आला होता, रस्ता विचारायला थांबला. म्हणाला, “बाई, तुम्ही इथेच राहता का?” मी म्हटलं, हो, इथेच राहते. तो गेला आणि मी टेप हातात धरून उभीच. अरे, हे तर आपल्या डोक्यातच आलं नाही. तुझी समिती दोन अर्थांवर भांडते, आपण दोघे त्याच दोन अर्थांवर भांडलो, आणि तिसरा रोज तोंडात आहे. त्या सकाळी जायचं राहिलं, खरंच. त्यानंतर कधीतरी, बाबांचा हात धरून चाकावर बसवताना असेल, मी राहिले, तेही खरंच. कोणत्या दिवशी ते मला सांगता येणार नाही. पण बाकीचं सगळं? रोज सकाळी ते कुरकुरणारं शटर वर ढकललं, लोकांच्या नाकांची मापं घेतली, सुईणबाईंशी भांडले, बूटवाल्याशी चहा प्यायले, पहिल्यांदा चष्मा लावलेली पोरं झाडाकडे बघून “पानं दिसतात” म्हणाली ते ऐकलं. ते काही राहून गेलेलं नाही आणि तो त्यागही नाही. मी इथे राहिले. माणसं घरात राहतात तशी राहिले. मजेत राहिले, टिंबू. तुझी समिती स्वल्पविराम देवो नाहीतर खड्ड्यात जावो.

म्हणून मी तुझ्याकडे येत नाही. बूटवाल्याचा काउंटर घेतला. कातड्याच्या वासाची सवय होईल.

आणि जे मागच्या वेळी बोलले नाही ते आता बोलते, म्हणजे पुन्हा घोळ नको. मला तू तेव्हा इथे हवा होतास. आताही हवा आहेस. उपकार फेडायला येऊ नकोस, माझी काळजी घ्यायला तर मुळीच येऊ नकोस. मी तुझ्यापेक्षा धडधाकट आहे. लहानपणी सुट्टीत मावशीकडे जायचो तसा ये. राहायला ये.

तुझी,
ताई


२९ डिसेंबर

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आल्यावर आठवडाभर ते शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. राग केव्हा गेला कळलं नाही. हिचा फोटो समोर ठेवून तुझं पत्र मोठ्याने वाचलं, फडताळाच्या ओळीला थांबलो. मग ती ओळ तिला पुन्हा वाचून दाखवली.

प्रूफ काल सोडलं. स्वल्पविराम काढून टाकला. समितीतल्या बाई म्हणाल्या, अहो मग मुलांनी कोणता अर्थ लिहायचा? मी म्हटलं, सातवीत आहेत हो ती, त्यांचं अजून काय अडतंय अर्थावाचून? माझा प्रश्नही काढला. त्या जागी आता इतकंच आहे: ‘शेवटची ओळ वर्गात प्रत्येकाने मोठ्याने वाचून दाखवा.’ भांडणारे ते गृहस्थ एवढे खूश झाले की माझ्या निरोपसमारंभात त्यांनीच भाषण केलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा ओठांवर तुझी जुनी गोष्ट आली होती. गिळली. मग सगळ्यांना धन्यवाद देऊन खाली बसलो. लोक म्हणाले, फार हृद्य बोललात.

मी या शहरात आलो, काम केलं, संसार केला, पण राहिलो असं मला म्हणता येत नाही. शेजाऱ्याला किल्ली द्यायला गेलो तेव्हा त्याचं नाव विचारलं. तोही ओशाळला, मीही. चांगला माणूस आहे. त्याने मला चहा पाजला, आणि आम्ही दोघं, ताई, पहिल्यांदाच एकमेकांच्या घरात बसलो.

मुलाला फोनवर सगळं सांगितलं, बससकट. तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाला, आत्याला सांगा, मला ही गोष्ट जास्त आवडली.

मागच्या खोलीत फार काही करू नकोस. माझ्याबरोबर दोन बॅगा आहेत आणि हिचा फोटो. तो कुठे लावायचा ते तू ठरव. तिला उजेड आवडायचा. मी दुकानात मधे मधे करणार नाही, पण दुपारी चहा घेऊन आलो तर हाकलू नकोस. माझाही जवळचा नंबर वाढलाय, प्रूफातलं बारीक हल्ली पुसट दिसतं. तो तुझ्याकडेच काढून घेईन.

रविवारी संध्याकाळी पोचतो. दारात काही बोलू नकोस, आईवर गेली आहेस तू, काहीतरी बोलशील आणि पुढची तीस वर्षं आपण त्याचा अर्थ लावत बसू. नुसतं आत घे आणि वाढ.

इतकी वर्षं मला यायचं होतं, ते राहिलं. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझा,
टिंबू